अन्नपूर्णेच्या दाराखालची फट

मला या धंद्यात उभं केलं ते गफूर मिस्त्रींनी. उस्मानपुऱ्यात राहणारे, चौथीपर्यंत शिकलेले, डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणी करवतीखाली अर्धी गेलेली. मी त्यांना चाचा म्हणतो. आज मला जे काही येतं, त्यातलं कॉलेजचं फार थोडं आहे. बाकीचं त्यांचं आहे.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला मीच. वडील पाचोडच्या आसपासच्या शिवारांत मेंढरं राखायचे. मी बी.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी तो कागद मेंढरांच्या औषधाच्या जाड पिशवीत घालून तिला गाठ मारली आणि म्हणाले, "भिजू देऊ नगंस." ती पिशवी घेऊन मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात गेलो. तिथं आगरोधक दरवाजे बनवायचे आणि बसवायचे. साहेबांनी मला चाचांपुढं उभं केलं आणि म्हणाले, "काम शिकवा." कोणी कोणाला, ते सांगितलं नाही.

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ग्रॅज्वेट है?"

"हो."

"अच्छा है. झाडू उठाव."

मला राग आला होता. नंतर कळलं, दरवाजाचं माप घेण्याआधी जमीन झाडावीच लागते. चौकटीखाली एक खडा राहिला तरी माप चुकतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, तुमच्या कामाबद्दल लिहा, लोकांना माहीत नसतं. खरंच नसतं. नाट्यगृहात, मॉलमध्ये, दवाखान्यात आपण ज्या जड दारांतून जातो, ज्यांना खांद्यानं ढकलावं लागतं म्हणून वैतागतो, ती आमची दारं. आग लागली की माणसं बहुतेक वेळा ज्वाळेच्या आधी धुरानं जातात. हा दरवाजा धूर आणि आग ठरावीक वेळ एका बाजूला अडवून धरतो, कुठं एक तास, कुठं दोन. तेवढ्या वेळात माणसं बाहेर पडावीत, एवढाच त्याचा उपयोग. त्याची फळी, चौकट, बिजागऱ्या, आपोआप बंद करणारा वरचा दांडा, कडेची उष्णतेनं फुगणारी पट्टी, सगळं मिळून एक दरवाजा. यातलं एक बदललं तर उरतं ते नुसतं दार.

निवडताना लोक लाकडाचा रंग बघतात. आम्ही बघतो, पलीकडं काय आहे. स्वयंपाकघर आहे की जिना? इथून ट्रॉली जाणार की म्हातारी माणसं? ट्रॉली जाणार असेल तर खाली पत्रा लावा, नाहीतर वर्षभरात कडा फुटते. आणि दार माणसं पळतील त्या दिशेनं उघडलं पाहिजे. हे मला पुस्तकाआधी वडिलांकडून माहीत होतं. भेदरलेलं मेंढरू मागं सरत नाही. पुढचं अडलं तरी मागचं रेटतच राहतं.

बसवून झाल्यावर चाचा मला पलीकडच्या अंधाऱ्या बाजूला उभं करायचे आणि स्वतः बॅटरी घेऊन अलीकडून कडेकडेनं फिरवायचे. "उजाला दिखा?" मी कुठं प्रकाशाची रेघ दिसली ते सांगायचो. एकदा कंटाळून "नाही दिसला" म्हणालो. ते फिरून माझ्या बाजूला आले, मला जागेवरून हलवलं, स्वतः उभे राहिले आणि मला बॅटरी दिली. रेघ होती. त्यांनी परत सगळ्या बिजागऱ्या सोडल्या.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका नाट्यगृहात आम्ही देखभालीला गेलो तर बाजूच्या दाराला साखळी आणि कुलूप. वॉचमन म्हणाला, "फुकटे शिरतेत ना इथून."

चाचांनी विचारलं, "चावी किधर?"

"मॅनेजर साहेबाकडं."

"मॅनेजर किधर?"

"घरी, सातारा परिसरात, शहराच्या त्या टोकाला."

"अच्छा. आग लगी तो उनकू फोन लगाना. बोलना, आराम से आव, हम जलते बैठे हैं."

वॉचमन हसला. चाचा हसले नाहीत. साखळी कापेपर्यंत ते तिथून उठले नाहीत, आणि मॅनेजरनं कारखान्यात तक्रार केली ती वेगळी.

एका दवाखान्यात सिस्टर दाराला रोज सलाईनचा स्टँड अडकवून ठेवायच्या. त्यांचं म्हणणं, दार सारखं बंद होतं. चाचा म्हणाले, "सिस्टर, वही उसका काम है." असे प्रसंग पुष्कळ आहेत. पण मला लिहायचं आहे ते एकाच दाराबद्दल, आणि ते मी टाळत आलो आहे.

बीड बायपासला एक मोठं मंगल कार्यालय उभं राहिलं. मालक अंबादासराव. पूर्वी तिथं त्यांचीच शेती होती. मोठा, मोकळा माणूस. दरवाजा पसंत करायला आले तर प्रत्येक फळीवर बोटानं टकटक करून कलिंगड पाहावं तसं पाहिलं. त्यांना लोखंडी दार नको होतं, म्हणून आतून आगरोधक आणि वरून सागवानी दिसणारं लाकडी दार ठरलं. सगळ्यांत महत्त्वाचं दार स्वयंपाकघराच्या बोळातून मुख्य हॉलमध्ये येणारं. तिथं दोन तासांचा दरवाजा चाचांनी स्वतः बसवला. खाली फळीच्या पोटात एक पट्टी होती. दार मिटलं की ती आपोआप खाली येऊन जमिनीला टेकायची, म्हणजे धुराला वाट नाही. चाचांनी ते दार अकरा वेळा उघडून मिटलं. मग म्हणाले, "चलो."

उद्घाटनाला चार दिवस राहिले असताना अंबादासरावांचा फोन आला. मी गेलो तर त्या दाराखाली काळ्या ग्रॅनाइटचा उंबरठा बसवलेला, त्यावर हळदीकुंकू वाहिलेलं, आणि दार त्याला अडून अर्धं उघडं.

"अंबादासराव, हे काय?"

"आवं साहेब, लगीनघराला उंबरठा नाय म्हंजे काय म्हनावं? लोकायची घरं आता फ्लॅटातली, तिथं उंबरठाच नसतो. नवरी माप इथंच वलांडती, फोटो काढतेत. म्होरल्या दाराला बसवला. पंडितजी म्हनले, सैपाकघराचं दार अन्नपूर्णेचं, त्याला तर पाहिजेच."

"पण दार मिटत नाही."

"मग कापा की खालून थोडं. लाकूडच हाय."

चाचा माझ्यासोबत होते. त्यांनी एकच वाक्य म्हटलं, "इसकू करवत नै लगती, अंबादासराव. पत्थर निकालो."

"पूजा झालेला उंबरठा काढू व्हय? तुमी पन कमाल करता चाचा."

"तो मेरे से नै होगा."

दुसऱ्या दिवशी चाचांना फर्दापूरच्या एका हॉटेलच्या कामावर जावं लागलं. तिथं लेणी पाहायला येणाऱ्या पर्यटकांसाठी नवी इमारत होत होती. अंबादासरावांचे फोन माझ्या साहेबांना जाऊ लागले. साहेब मला म्हणाले, "दत्ता, उद्घाटन थांबता कामा नये. बघ काय करायचं ते." त्यांनी कापायला सांगितलं नाही, हे मी इथं स्पष्ट लिहितो. ते मी ठरवलं.

मी बायपासवरच्याच एका सुताराला बोलावलं. त्यानं दार उतरवलं, खालून बावीस मिलिमीटर कापलं. खालची पट्टी त्या तुकड्याबरोबर गेली. आतला पांढरा भराव उघडा पडला, त्यावर त्यानं लाकडाची पातळ चीप मारून पॉलिश केलं. दार मिटलं. छान दिसत होतं. उंबरठा पातळीत नव्हता, त्यामुळं बिजागरीच्या बाजूला करंगळी जाईल एवढी फट राहिली.

मी मनाशी म्हटलं, नवी फळी मागवू, महिन्यात बदलू. पण नवी फळी मागवायची तर कारण लिहावं लागणार होतं.

दरवाजे सोपवताना एक फॉर्म भरतात. एका रकान्यात तपासणाऱ्याचं नाव, एका रकान्यात बसवणाऱ्याचं, आणि बसवणारा कंपनीच्या यादीतला मिस्त्रीच लागतो. बाहेरचा सुतार लिहिता येत नव्हता. मी लिहिलं, गफूर मिस्त्री. माझ्या अक्षरात.

तीन महिन्यांनी देखभालीची फेरी आली. यादीप्रमाणं चाचा आणि मी. कार्यालयात लग्न होतं, दुपारी पावणेएकचा मुहूर्त. आम्ही साडेबाराला पोचलो. मी मुद्दाम चाचांना बाहेरच्या दारांकडं पाठवलं. पण ते आधी स्वतःच्या हातच्या दाराकडंच जाणार, हे मला कळायला हवं होतं.

मी हॉलमध्ये आलो तेव्हा ते त्या दारापाशी उकिडवे बसले होते. अर्ध्या बोटांचा हात दाराच्या खालच्या कडेवरून फिरत होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"दत्ता, ये किसने काटा?"

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात पलीकडून आरडाओरडा झाला. स्वयंपाकघरात जिलेबीच्या कढईतलं तेल पेटलं होतं. आचाऱ्याच्या माणसानं त्यावर पाण्याची बादली ओतली. उकळत्या तेलावर पाणी टाकलं की काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. दारावरच्या लहान काचेतून बोळ पहिल्यांदा पिवळा दिसला, मग काळा. आचारी मागच्या दारानं पळाले, ते नंतर कळलं. आमचं दार मिटलेलं होतं. आणि त्याच्या खालून, बिजागरीच्या बाजूनं, धूर येऊ लागला. आधी दोऱ्यासारखा. मग उदबत्तीच्या जुडग्यासारखा.

हॉलमध्ये बाराशे माणसं हातात अक्षता घेऊन स्टेजकडं तोंड करून उभी होती. मंगलाष्टका चालू होत्या. लाउडस्पीकरच्या आवाजात कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

चाचांनी खांद्यावरचा रुमाल फटीत कोंबला. पुरला नाही. शेजारच्या टेबलावरचं कापड ओढलं, वरचे ग्लास फुटले, पिंपातल्या पाण्यात बुडवून ते पिळलं नाही, तसंच दाराखाली दाबलं आणि पाठ दाराला लावून खाली बसले. "ये मैं देखता. तू लोकांना काढ. चिल्लाना नक्को."

बाजूला बाहेर पडायची चार दारं होती. चारही आमचीच. मी पहिल्याकडं पळालो तर दारच नाही. मंडपवाल्यानं स्टेजपासून तिथवर गुलाबी पडदा आणि कागदी फुलांची भिंत ताणली होती. मी पडदा ओढला, बांबू माझ्या खांद्यावर आला, दाराचा आडवा दांडा ढकलला आणि ऊन आत आलं. दुसऱ्या दारासमोर खुर्च्यांची चळत. ती मी आणि एका पाहुण्यानं पाडली. उरलेली दोन मोकळी होती.

वधूचे मामा धावत आले. "ओ, काय चाललंय? दोन मंगलाष्टका राहिल्यात!"

"मामा, स्वयंपाकघर पेटलंय. सगळ्यांना बाहेर घ्या."

"मुहूर्त टळंल! दोन मिनिटं थांबत नाय व्हय आग तुमची?"

त्यांच्या मागं लोक वळून बघू लागले होते. एका बाईनं धूर पाहिला आणि "आगं माय" म्हणून मुलाला उचललं. मला तो आवाज माहीत होता, कळप बिथरण्याआधीचा. आता कोणी "आग" ओरडलं असतं तर सगळे ज्या दारानं आत आले त्याच दारानं, पुढच्या काचेच्या एकाच दारानं, बाहेर पडायला गेले असते. वडील म्हणायचे, मागून हाकलायचं नाही, म्होरक्या बाहेर काढायचा. मी स्टेजवर चढलो आणि गुरुजींच्या कानात सांगितलं, "धूर आहे. नवरा-नवरीला लॉनवर न्या. लोक त्यांच्या मागं येतील."

गुरुजी तरुण होते. त्यांनी माझ्याकडं नाही, त्या दाराकडं पाहिलं, दाराला टेकून बसलेल्या चाचांकडं पाहिलं, आणि माइकवर त्याच सुरात म्हणाले, "मंडळी, शेवटच्या दोन मंगलाष्टका बाहेर लॉनवर, उघड्या आकाशाखाली म्हणायच्या आहेत. वधू-वर पुढं. अंतरपाट तसाच धरा. अक्षता खाली टाकू नका."

अंतरपाट धरणारे दोघं बाजूला चालत, मध्ये नवरा-नवरी, मागं मामा, करवल्या, आणि मग अख्खा हॉल. कुरकुरत, हसत, फोटो काढत. चारी दारांतून. मी पहिल्या दारात उभं राहून "सावकाश, पायरी आहे" म्हणत होतो आणि मान वळवून दर वेळी त्याच कोपऱ्याकडं पाहत होतो. तिथं आता कमरेएवढा धूर होता. त्यात चाचांची टोपी दिसत होती.

शेवटची म्हातारी खुर्चीसकट बाहेर गेली तेव्हा मी तिकडं गेलो. चाचा कापड दाबूनच बसले होते. खोकत होते. मी त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. अग्निशमनची गाडी आली तेव्हा लॉनवर शेवटची मंगलाष्टका संपून अक्षता पडत होत्या.

कोणीही दगावलं नाही. दार जळलं, पण चौकटीतून पडलं नाही. फळी ठरल्याप्रमाणं टिकली, खालच्या कापलेल्या कडेपासून मात्र आतून पोखरली गेली होती. चाचा दोन दिवस दवाखान्यात होते. त्यांच्या छातीतली घरघर अजून गेलेली नाही, असं ऐकतो.

चौथ्या दिवशी कारखान्यात बैठक झाली. साहेब, अग्निशमनचे अधिकारी, अंबादासराव, चाचा आणि मी. अधिकाऱ्यांनी सोपवणीचा फॉर्म मागितला आणि विचारलं, दार कापलं कोणी. अंबादासराव म्हणाले, "मी उंबरठा बसवला, हे कबूल. कापलं तुमच्याच मान्सांनी."

फॉर्म टेबलावरून फिरत चाचांसमोर आला. मराठी ते अक्षर अक्षर लावून वाचतात. पण स्वतःचं नाव त्यांना ओळखता येतं, आणि माझं अक्षरही. पाच वर्षं माझ्याच हातच्या याद्या घेऊन ते कामावर जात होते. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"मिस्त्री, हे नाव तुमचं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाम तो मेराच है."

"दार तुम्ही कापलं?"

ते काही बोलले नाहीत. माझ्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं, घरात पगार आणणारा मी एकटा होतो, हे सगळं त्या वेळी माझ्या डोक्यात आलं. ही कारणं खरी होती. पण तेवढ्यानं ती पुरेशी ठरत नाहीत. मी टेबलाकडं बघत राहिलो. साहेबांनी फर्दापूरचा विषय काढला नाही, कागदावरचं नाव लिहून घेतलं.

चाचांचं काम त्याच दिवशी बंद झालं. मी फाटकापर्यंत त्यांच्या मागं गेलो. "चाचा, तुम्ही का नाही बोललात?"

ते सायकलचं कुलूप काढत होते. "मैं समझा तू बोलेगा."

याला चार वर्षं झाली. त्यानंतर मी देखभाल विभागाचा प्रमुख झालो. नव्या मिस्त्रींना शिकवणं माझ्याकडं आलं. त्या वर्गात दाखवायला एक फोटो आहे, खालून पोखरलेल्या त्या दाराचा. त्याखाली साहेबांनी घटनेची माहिती लिहवून घेतलेली आहे, बसवणाऱ्याच्या नावासकट. चार वर्षं मी तो फोटो दाखवून सांगत आलो की दरवाजाला करवत लावायची नाही. चाचांचंच वाक्य, त्यांच्याच नावाखाली, त्यांच्याविरुद्ध.

गेल्या महिन्यात फोटो दाखवल्यावर मागच्या बाकावरून एक नवी मुलगी म्हणाली, "सर, हे उस्मानपुऱ्याचे ना? आमच्या गल्लीत त्यांना दरवाजा-काटू म्हणतात. कोणी काम देत नाही त्यांना. खिडक्यांच्या जाळ्या बसवतात आता."

सगळे हसले. मी फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. वर्ग मध्येच सोडला आणि साहेबांच्या खोलीत गेलो.

त्यानंतर मी चाचांना जे पत्र पाठवलं ते खाली देतो. ते त्यांना पोचल्याची पावती आल्यावरच हा लेख अंकाकडं दिला.

*

चाचा, सलाम.

मी दत्ता. अंबादासरावांच्या कार्यालयातलं दार मी कापून घेतलं. तुम्ही फर्दापूरला होता. फॉर्मवर तुमचं नाव मी लिहिलं. बैठकीत मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

हे मी कारखान्यात साहेबांना लिहून दिलं आहे. अग्निशमन कार्यालयातही दिलं आहे. दोन्हींच्या शिक्का मारलेल्या प्रती या पाकिटात आहेत. जपून ठेवा. कोणी काम देताना विचारलं तर दाखवा. शिकवणीच्या फोटोखालचं तुमचं नाव काढलं आहे. तिथं आता माझं आहे.

तपासणीवर सही करायचा माझा अधिकार काढून घेतला आहे. नोकरीचं काय होईल ते अजून ठरलेलं नाही. ते बरोबरच आहे. त्याबद्दल तुम्ही कोणाकडं शब्द टाकू नका. तुम्ही टाकाल, म्हणून आधीच लिहितो.

त्या दिवशी तुम्ही दाराला पाठ लावून बसला होता तेव्हा तुम्हाला कळलं होतं, की हे मीच केलंय. तरी मला म्हणालात, लोकांना काढ. मी माफी मागायला येणार होतो, पण घरी आलो तर तुम्ही चहा द्याल आणि विषय बदलाल. म्हणून पत्र.

एक विनंती आहे. हे पत्र एकट्यानं लावत बसू नका. सूनबाईंना वाचायला सांगा, घरातले सगळे जमल्यावर, मोठ्यानं. आणि वाचताना दार उघडं ठेवा. गल्लीत ऐकू गेलं पाहिजे.

तुमचा,
दत्ता